बेरिया कॉलेज, केंटकी: फी नाही, पण काम सगळ्यांना
अमेरिकेत शिकायचंय पण घरची परिस्थिती बेताची आहे, असं कुणी विचारलं की मी आधी बेरियाचं नाव घेते. आम्ही लेक्सिंग्टनला राहतो, तिथून बेरिया गाडीने पाऊण तासावर, आय-७५ हायवे धरायचा आणि दक्षिणेला सुटायचं. तिथल्या मुलामुलींशी बऱ्यापैकी ओळखी झाल्यात, येणंजाणं असतं, त्यामुळे माहितीपत्रकात नसतं ते पण थोडं सांगता येईल. बारावीत असणाऱ्यांनी आणि त्यांच्या आईबाबांनी जरा निवांत वाचा.

मुख्य गोष्ट आधी सांगते. या कॉलेजने १८९२ पासून एकाही विद्यार्थ्याकडून ट्यूशन फी घेतलेली नाही. मेरिटवाल्यांना स्कॉलरशिप आणि बाकीच्यांनी भरा असा प्रकार नाहीये, सगळ्यांनाच माफ. जेमतेम दीड हजार मुलांचं प्रायव्हेट कॉलेज हे कसं परवडवतं, तर देणग्यांच्या मोठ्या फंडातून. १९२० मध्ये ट्रस्टींनी ठरवलं की कुणी मृत्युपत्रात कॉलेजला बिनशर्त पैसे ठेवले तर ते चालू खर्चाला वापरायचे नाहीत, थेट मुदलात टाकायचे. शंभर वर्षं हे पाळलं गेलं आणि तो फंड आज एक अब्ज डॉलर्सच्या वर गेलाय, त्याच्या उत्पन्नावर खर्चाचा मोठा वाटा निघतो.

पण नुसतं "फ्री कॉलेज" म्हणून बेरियाकडे बघाल तर फसाल, आणि हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. इथे प्रत्येकाला काम करावं लागतं. आठवड्याला किमान दहा तास, आणि प्रत्येकाला म्हणजे खरंच प्रत्येकाला, सूट कुणालाच नाही. शंभराच्या वर डिपार्टमेंट्स आहेत, लायब्ररी, आयटी, शेती, सुतारकाम, हातमाग, गावातलं बून टॅव्हर्न हे कॉलेजचंच हॉटेल. पहिल्या वर्षी काम तुम्हाला नेमून दिलं जातं, पुढे आवडीप्रमाणे अर्ज करून बदलता येतं. सुपरवायझर कामाचं मूल्यमापन करतो, त्याची नोंद वेगळ्या लेबर ट्रान्सक्रिप्टवर येते, आणि कामात टंगळमंगळ केली तर अभ्यासात कितीही हुशार असाल तरी कॉलेजमधलं स्थान धोक्यात येतं. हातात मिळणारा पगार खिशातल्या खर्चापुरता असतो, त्यातून घरी पैसे पाठवू वगैरे डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका.

आपल्याकडे हे समजायला अवघड जाऊ नये. कर्मवीर भाऊरावांनी रयतमध्ये "कमवा आणि शिका" सुरू केलं, "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे वाक्य साताऱ्याच्या पोरांना पाठ असतं. फरक एवढाच की आपल्याकडे ही योजना गरजू मुलांसाठी म्हणून राहिली आणि बेरियात अख्खं कॉलेजच तसं आहे, म्हणून तिथे काम करणाऱ्या पोराकडे कुणी वेगळ्या नजरेने बघत नाही, शेजारचा पण तेच करतोय ना.

झाडू बनवण्याचा विभाग तर बघाच. १९२० पासून चालू आहे. तिकडे ज्या गवतापासून झाडू करतात ते ब्रूमकॉर्न म्हणजे चक्क ज्वारीचीच एक जात, कणसाचे लांब लांब फाटे असतात ते वापरतात. मी गेले तेव्हा एक मुलगी मशीनसमोर उभी होती, एका हाताने लाकडी दांडा फिरतोय, दुसऱ्या हाताने ती एकेक जुडी लावत जाते आणि तार ताणून गुंडाळत जाते, तार जरा जरी सैल पडली तर पूर्ण उकलून परत सुरू. मग तो गोल गठ्ठा दाबून चपटा करायचा आणि जाड दोऱ्याने टाके घालायचे. ती कॉम्प्युटर सायन्सची होती. मी विचारलं कंटाळा नाही येत का, तर म्हणाली दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर हेच बरं वाटतं. कॉलेजच्या दुकानात हे झाडू, विणलेल्या शाली, लाकडी वस्तू विकायला असतात, स्वस्त नाहीत पण काम बघितल्यावर किंमत पटते.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हे कॉलेज कळत नाही. १८५५ मध्ये जॉन फी नावाच्या पाद्र्याने सुरुवात केली, गुलामगिरी चालू असलेल्या राज्यात गुलामगिरीविरुद्ध बोलणारा माणूस, १८५९ मध्ये गुलामांच्या मालकांच्या हत्यारबंद जमावाने त्याला आणि सहकाऱ्यांना केंटकीतून हाकलून दिलं. यादवी युद्धानंतर परत येऊन त्याने शाळा उभी केली. १८६६-६७ मध्ये १८७ विद्यार्थी होते, ९६ काळे आणि ९१ गोरे, मुलं-मुली एकत्र, आणि हे अमेरिकेच्या दक्षिणेत! महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केली ती अशीच माणसं. पुढे १९०४ मध्ये केंटकीने मुद्दाम कायदा करून काळ्या-गोऱ्यांचं एकत्र शिक्षण बंद पाडलं, बेरिया सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९०८ मध्ये हरलं. मग कॉलेजने काळ्या विद्यार्थ्यांसाठी लुइव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट उभं करायला पैसा उभा केला, आणि १९५० मध्ये तो कायदा सैल झाल्यावर त्यांना पुन्हा प्रवेश सुरू केला. कार्टर वुडसन, ज्यांना अमेरिकेत काळ्यांच्या इतिहासलेखनाचे जनक म्हणतात, ते इथलेच, कायदा यायच्या आदल्या वर्षी पास झालेले.

प्रवेशाचं गणित. इथे पैसेवाल्या घरच्या मुलाला प्रवेशच नाही, आर्थिक गरज दाखवावी लागते. बहुतेक जागा केंटकी आणि ॲपलाचियन डोंगराळ भागातल्या मुलांसाठी, परदेशी मुलं वर्षाला तीसेकच्या आसपास घेतात आणि अर्ज जगभरातून येतात, त्यामुळे चुरस भयंकर आहे. मिळालं तर पहिल्या वर्षी ट्यूशन, राहणं, जेवण सगळं कव्हर होतं, पुढच्या वर्षांत सुट्टीत काम करून थोडा वाटा मुलानेच उचलायचा असतो. विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा खर्च घरचा. अर्जाला फी नाही, त्यामुळे "बेरियाचं करून देतो" म्हणून कुणी कन्सल्टंट पैसे मागत असेल तर देऊ नका, आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने असेच बरेच पैसे घालवलेत आणि फॉर्म शेवटी मुलीनेच भरला.

काय नाही ते पण ऐका. मेकॅनिकल, सिव्हिल असलं इंजिनिअरिंग करायचं असेल तर हे कॉलेज तुमचं नाही. कॉम्प्युटर सायन्स आहे, नर्सिंग आहे, बायॉलॉजी, इकॉनॉमिक्स वगैरे आहे, पण मास्टर्स नाही, फक्त चार वर्षांची डिग्री. क्लास छोटे असतात त्यामुळे प्रोफेसर नावाने ओळखतात, लपायला जागा नाही. गाव पंधरा-सोळा हजार वस्तीचं, गाडी नसेल तर कुठे जाता येत नाही, मुंबई-पुण्याच्या पोरांना पहिले काही महिने जड जाणार. इंडियन किराणा म्हटलं की लेक्सिंग्टन, तेवढ्यासाठी आम्ही आहोत. धर्माबद्दल पालक हमखास विचारतात, तर परंपरा ख्रिश्चन आहे पण कुठल्या एका पंथाचं कॉलेज नाही आणि सगळ्या धर्मांची मुलं असतात.

ऑक्टोबरात माउंटन डे असतो, त्या दिवशी क्लास बंद आणि मुलं पहाटे अंधारात पिनॅकल्सच्या डोंगरावर चढतात सूर्योदय बघायला. पालक म्हणून बघायला जाणार असाल तर त्याच सुमाराला जा, झाडांचे रंग पण मस्त असतात, आणि बून टॅव्हर्नमध्ये जेवा, विद्यार्थीच वाढतात. स्पूनब्रेड नक्की घ्या, मक्याच्या पिठाचा मऊ, चमच्याने खायचा प्रकार, गरम असतानाच खावा.

फॉर्म भरताना एक करा. घरी जे काम करता ते लिहा, बाबांच्या दुकानात बसणं, शेतात पाणी धरणं, आजीचं करणं, धाकट्याला शिकवणं. आपली पोरं हे लिहायला लाजतात आणि ऑलिंपियाडची सर्टिफिकेटं जोडत बसतात. मार्क तर हवेतच, इंग्रजीची परीक्षा पण द्यावी लागते, पण बेरिया काम करणारी माणसं शोधतं, तेव्हा शेतातलं पाणी पहिल्या परिच्छेदात येऊ दे.