सायपायचं लोडमॅट-सेव्हमॅट: आकडे बरोबर येतात, आकार तेवढा बघून घ्या

आमच्या लॅबमध्ये एका घरात दोन चुली आहेत, सर आणि सिनियर मंडळी मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरवर, मी आणि एक ज्युनियर पायथनवर, आणि मोटरच्या व्हायब्रेशनचा सगळा जुना डेटा मॅट फाइल्समध्ये (मॅटलॅबचा स्वतःचा फाइल फॉरमॅट). दीड वर्ष झालं मी रोज सायपाय या पायथन लायब्ररीच्या लोडमॅट (मॅट फाइल वाचणारं) आणि सेव्हमॅट (लिहिणारं) फंक्शनने इकडचं तिकडे नेतोय, म्हणून म्हटलं लिहावं.

आधी मी सीएसव्हीच (साधी टेक्स्ट फाइल) वापरायचो. सोपं वाटतं ना, नोटपॅडमध्येपण उघडतं. पण जुन्या स्क्रिप्टमध्ये मॅटलॅबचं सीएसव्हीराइट होतं आणि ते आकड्याचे जास्तीत जास्त ५ सार्थ अंकच लिहितं, हे मला कुठे माहीत होतं! १२३.४५६७८ चं सरळ १२३.४६. टाइमच्या कॉलमची तर पार वाट लागली, आमचं सॅम्पलिंग १२ किलोहर्ट्झ, म्हणजे दोन सॅम्पलमध्ये ०.००००८३ सेकंद, आणि १० सेकंदांच्या पुढे ५ अंकांत मिलिसेकंदाच्या खालचं काही उरतच नाही, त्यामुळे लागोपाठ बाराएक सॅम्पलना एकच वेळ. दोन दिवस मी सेन्सरला शिव्या घालत होतो, बिचाऱ्याची काही चूक नव्हती. (डबल, म्हणजे ६४ बिटांचा दशांश आकडा, टेक्स्टमधून नक्की तसाच परत यायचा तर १७ अंक लागतात.)

मॅट फाइल बायनरी, त्यामुळे आकडा शेवटच्या बिटापर्यंत तोच येतो. यात लोडमॅटला पैकीच्या पैकी.

गोची होते ती आकारात. मॅटलॅबमध्ये सगळं कमीत कमी टू-डी, त्यामुळे १००० रीडिंगची रो नमपायमध्ये (पायथनची ॲरेची लायब्ररी) १ बाय १००० येते, एकुलता एक आकडासुद्धा १ बाय १ चं मॅट्रिक्स होऊन येतो. आणि आत स्ट्रक्ट (नावांच्या कप्प्यांत ठेवलेला डेटा) असलं की बसा कांदा सोलत, प्रत्येक पाकळीला शून्य-शून्य असा इंडेक्स लावायचा. लोडमॅटमध्ये सिम्प्लिफाय-सेल्स ट्रू करा, सरळ साध्या डिक्शनऱ्या मिळतात. हा पर्याय सायपाय १.५ पासून आहे, मला सापडला आठ महिन्यांनी, असो.

परत पाठवताना जास्त जपा. सेव्हमॅट वन-डी ॲरेची रो करून पाठवतं, आणि सरांच्या कोडमध्ये सगळे कॉलम. आता मॅटलॅब २०१६-बी पासून रोमधून कॉलम वजा केला तरी एरर येत नाही, गुपचूप १००० बाय १००० चं मॅट्रिक्स हातात ठेवतं. सर म्हणाले, "अरे, हा ग्राफ आहे की गोधडी?" तेव्हापासून मी सेव्हमॅटच्या वन-डी-ॲज पर्यायात कॉलम लिहिल्याशिवाय फाइलच पाठवत नाही. इंटिजरचंही तसंच, नमपायचे पूर्णांक तिकडे सहसा इंट-६४ म्हणून जातात आणि मॅटलॅबमध्ये इंट-६४ च्या ५ ला २ ने भागलं की उत्तर ३. अडीच नाही, ३! पाठवायच्या आधी फ्लोट करून टाका, विषय संपला.

एक व्हेरिएबल २ जीबीच्या वर गेलं की मॅटलॅबमध्ये ७.३ फॉरमॅटमध्ये सेव्ह करावं लागतं आणि तिथे लोडमॅट चक्क हात वर करतं. ती फाइल आतून एचडीएफ-५ असते, त्यामुळे पायथनच्या एच-५-पाय लायब्ररीने उघडते, पण ॲरेचे रो-कॉलम अदलाबदल होऊन येतात कारण मॅटलॅब फोरट्रानसारखं कॉलम-कॉलमने साठवतं. शेवटी डॉट टी लावला की सरळ. टेबल आणि डेटटाइमवाल्या गोष्टी लोडमॅटला नीट वाचताच येत नाहीत, त्या मॅटलॅबमध्येच साध्या स्ट्रक्ट किंवा आकड्यांत बदलून घ्याव्या लागतात, आणि ते करायला लायसन्सवालं मशीन कोणाचं रिकामं आहे ते बघत फिरायचं.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक कापला तो ७.३ साठी. फुकट आहे, नमपायबरोबर असतंच बहुतेकांकडे, आणि साध्या मॅट्रिक्ससाठी दोन ओळींत काम होतं.

ज्युनियरचं म्हणणं सगळं पार्के या टेबलच्या फाइल फॉरमॅटमध्ये न्यावं, टेबलसाठी ते खरंच चांगलंय आणि मॅटलॅबला २०१९-ए पासून वाचता-लिहिता येतं. सरांच्या मशीनवर २०१७ चं मॅटलॅब आहे.