पायथनचं 'सीक्रेट्स' मॉड्यूल: कन्फर्मेशन लिंकसाठी कितपत कामाचं?

ईमेल कन्फर्मेशनच्या लिंकसाठी टोकन, म्हणजे अंदाज न लावता येणारी अक्षरांची माळ, बनवायचं तर 'सीक्रेट्स' पुरेसं आहे. पायथन ३.६ पासून ते सोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. 'रँडम' मॉड्यूल मात्र इथे चुकूनही वापरू नका. त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती लागले की पुढचे सगळे काढता येतात.

फंक्शनचं नाव टोकन_यूआरएलसेफ. आकडा न देता कॉल केलं तर ३२ बाइट घेऊन ४३ अक्षरांचं टोकन देतं. या कामाला ते उगाच लांब. १६ द्या: १२८ बिट, २२ अक्षरं. यूयूआयडी या प्रमाणित ओळखक्रमांकाची चौथी आवृत्ती ३६ अक्षरं खाऊन १२२ च बिट देते.

१६ चा आणखी एक फायदा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक अक्षरात ६ बिट बसतात, म्हणजे २१ अक्षरांत १२६ झाले आणि शेवटच्या अक्षराला उरले फक्त २. त्यामुळे ते कॅपिटल ए, कॅपिटल क्यू, स्मॉल जी किंवा स्मॉल डब्ल्यू, या चारांपैकीच येतं. १५ किंवा १८ बाइट घेतले, म्हणजे तीनाच्या पटीत, तर सरासरी ३२ पैकी एक टोकन '-' किंवा '_' वर संपतं. साध्या मजकुरातली लिंक ओळखणारे काही मेल प्रोग्राम शेवटचं असं चिन्ह लिंकबाहेर टाकतात. मग 'लिंक चालत नाही' अशी तक्रार अधूनमधूनच येते आणि तपासायला गेलं की सापडत नाही.

टोकन प्रश्नचिन्हामागे नको, पाथमध्येच ठेवा. मेलचा मजकूर पाठवताना वापरल्या जाणाऱ्या क्वोटेड-प्रिंटेबल एन्कोडिंगमध्ये '=' चं '=3डी' व्हावं लागतं. एखाद्या टेम्प्लेटमध्ये ते राहून गेलं आणि '=' नंतर नेमकी दोन हेक्स अक्षरं (० ते ९, ए ते एफ) आली, की ती तीन चिन्हं मिळून एकच बाइट होतो आणि टोकन बिघडतं. त्याच एन्कोडिंगमध्ये ओळ ७६ अक्षरांवर तुटते. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस://' ची ८ अक्षरं, १५ अक्षरांचं डोमेन, '/सी/' असा छोटा पाथ आणि हे टोकन मिळून लिंक ४८ अक्षरांत बसते. बाहेरचा लिंक-शॉर्टनर त्यासाठी लागत नाही, आणि स्पॅम फिल्टरला तो आवडतही नाही.

पुढचं काम मॉड्यूल करत नाही, ते तुमच्याकडेच. डेटाबेसमध्ये टोकनचा एसएचए-२५६ हॅश (ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असा ठसा) ठेवा, मूळ टोकन नको. मेल स्कॅनर माणसाआधी लिंक उघडून बघतात, म्हणून गेट रिक्वेस्टवर (लिंक नुसती उघडल्यावर) फक्त बटण दाखवा आणि कन्फर्मेशन पोस्टवर (बटण दाबल्यावर) करा. वापरलेली नोंद पुसू नका, वेळ लिहून ठेवा. दुसऱ्यांदा क्लिक करणाऱ्याला 'पत्ता आधीच कन्फर्म झाला आहे' असं दिसलं पाहिजे, एरर नाही. मेल पुन्हा पाठवली तरी जुनी लिंक मुदत संपेपर्यंत चालू द्या. लोक हाताला लागेल ती मेल उघडतात.

कमतरता एकच, पण खरी: हे टोकन बघून टाइप करण्याजोगं नाही. लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, आणि '_' लिंकच्या अधोरेखेत बुडून जातं. मेल फोनवर आणि साइट दुसऱ्या मशीनवर उघडी असेल तर सोबत सहा अंकी कोडही द्या. तो रँडबिलो फंक्शनला दहा लाख देऊन काढा आणि डावीकडे शून्यं भरून सहा अंक पुरे करा, नाहीतर ००४२१७ चं ४२१७ होईल. कोडला पाचच प्रयत्न द्या.