व्हॉट्सॲपवर शेअर्सची ऑफर टाकायचीय? अमेरिकेत 506बी, 506सी की 147ए

न्यू जर्सीतल्या एडिसनला मसाल्यांचा बिझनेस करणाऱ्या एका मैत्रिणीने मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज मला आधी दाखवला, "पाच हजार डॉलरपासून शेअर्स, इंटरेस्ट असेल तर कळवा". म्हटलं थांब, पाठवू नकोस अजिबात. त्या ग्रुपात न्यू जर्सीचे लोक आहेत तसे टेक्सास, ओहायोला गेलेलेही आहेत, आणि फोन नंबर मात्र अजून न्यू जर्सीच्या 732 चाच, म्हणजे नंबर बघून कोण कुठे राहतं ते कळतच नाही.

आणि तेच तर महत्त्वाचं आहे. इथे शेअर्स विकायला आधी रजिस्ट्रेशन लागतं, नाहीतर त्यातून सूट, आणि त्यासाठी एसईसी (शेअर्सच्या विक्रीवर नजर ठेवणारी केंद्रीय संस्था) वेगळी आणि प्रत्येक राज्याचा ब्लू स्काय कायदा (शेअर्स विक्रीचा राज्याचा कायदा) वेगळा, 1911 साली कॅन्सासपासून सुरू झालेला. बऱ्याच राज्यांत नियम असा की ऑफर जिथून निघाली ते राज्य आणि जिथल्या माणसाला पाठवली नि मिळाली ते राज्य, दोघांचाही कायदा लागू होतो. कंपनी डेलावेअरमध्ये रजिस्टर केलीय म्हणून सुटका नाही. उघड्या वेबसाइटसाठी मात्र राज्यांच्या रेग्युलेटर्सच्या संघटनेने 1996 ला सवलत सुचवली, साइटवर स्पष्ट लिहा की अमुक राज्यातल्या लोकांना ही ऑफर नाही, तिथे कुणाला मुद्दाम पाठवू नका, आणि तिथे विकू नका, मग तिथल्या रजिस्ट्रेशनची गरज नाही. फसवणुकीचे नियम तरीही लागू राहतातच.

आता रजिस्ट्रेशन टाळायचे रस्ते, म्हणजे एसईसीच्या नियमांतल्या सुटी. 506बी आणि 506सी दोन्हीत 1996 च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्यांचं रजिस्ट्रेशन लागत नाही, एसईसीकडे फॉर्म डी (विक्रीची माहिती देणारा फॉर्म), राज्यांना नोटीस आणि फी एवढंच. पण 506बी मध्ये जाहीर प्रचार चालत नाही, आधीपासून नीट ओळख असलेल्या लोकांनाच विचारायचं, आणि दोनशे जणांच्या ग्रुपात टाकलेला मेसेज कोण कुठे फॉरवर्ड करेल याचा काही नेम आहे का! ती अट मोडली की सूट गेली, आणि सूट गेली की प्रत्येक राज्याचा कायदा परत डोक्यावर, गुंतवणूकदार व्याजासकट पैसे मागू शकतो. नुसतं "आम्ही 506 खाली विकतोय" म्हणून भागत नाही, खरंच अटी पाळलेल्या लागतात, हे सहाव्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील कोर्ट) 2007 ला सांगितलंय.

506सी मध्ये बिनधास्त जाहिरात करा, फक्त विकायचं ते अ‍ॅक्रेडिटेड लोकांनाच, म्हणजे वर्षाला 2 लाख डॉलर उत्पन्न, जोडीदारासह 3 लाख, नाहीतर राहतं घर सोडून, कर्ज वजा जाता 10 लाखांच्या वर मालमत्ता, आणि ते तपासायचंही तुम्हीच. पाच हजार टाकणारे सगळे आपले शेजारीपाजारी असतील तर हा रस्ता बंदच.

147ए 2017 पासून आहे आणि मला मैत्रिणीसाठी हाच जवळचा वाटतो. मेसेज बाहेरच्या राज्यात दिसला तरी चालतो, विक्री मात्र फक्त स्वतःच्या राज्यातल्या रहिवाशांना, आणि घेणाऱ्याने सहा महिने बाहेरच्या राज्यातल्या माणसाला विकायचं नाही. कंपनीचं मुख्य काम त्या राज्यात हवं, डेलावेअरचं रजिस्ट्रेशन इथे आड येत नाही (जुन्या 147 मध्ये येतं). पण राज्याचं रजिस्ट्रेशन इथे आपोआप टळत नाही, राज्याची वेगळी सूट शोधावी लागते, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

सगळीकडचे छोटे गुंतवणूकदार हवे असतील तर रेग्युलेशन क्राउडफंडिंग, 12 महिन्यांत 50 लाख डॉलरपर्यंत, पण रजिस्टर्ड ब्रोकर किंवा फंडिंग पोर्टलच्या साइटवरूनच.

मैत्रिणीने मेसेज ड्राफ्टमध्येच ठेवलाय, आधी वकील गाठणार आणि न्यूअर्कच्या ब्युरो ऑफ सिक्युरिटीजला विचारणार की 147ए सोबत न्यू जर्सीची कुठली सूट बसते.