टर्बो सेडानचा घसरणारा क्लच : दुरुस्तीनंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावरचा अनुभव

माझ्याकडे पुढच्या चाकांना शक्ती देणारी, सहा गिअरची टर्बो पेट्रोल सेडान आहे. कारखान्यातून निघताना तिच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन-मीटर होता. ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग केल्यावर तो सुमारे ३२० वर गेला. गाडी अचलपूर तालुक्यातल्या संत्र्याच्या पट्ट्यात चालते. परतवाड्याचा बाजार, अमरावतीची कामे, चिखलदऱ्याचा घाट आणि पावसाळ्यात वावराकडे नेणारी पांदण, असा तिचा वापर आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास क्लच घसरू लागला, म्हणजे इंजिन फिरे पण त्याचा सगळा जोर चाकांपर्यंत पोहोचेना, आणि थंडीत तो बदलला. त्यानंतर पूर्ण उन्हाळा आणि पावसाळ्याचा मोठा भाग गाडी वापरून झाल्यावर हे लिहितो आहे. नवा क्लच उत्तम चालतो आहे. मात्र त्याचे श्रेय मी क्लचच्या ब्रँडपेक्षा निदानाला अधिक देतो, कारण केवळ प्लेट (क्लचमधली घर्षणाने पकड घेणारी चकती) बदलून गाडी बाहेर काढली असती, तर नवी प्लेटही एव्हाना तेलाने भिजली असती.

सुरुवातीची लक्षणे फसवी होती. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये काहीच जाणवत नव्हते, पण पाचव्यात किंवा सहाव्यात ओव्हरटेक करण्यासाठी ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा आधी उडी मारायचा आणि वेग मागून यायचा. हे वरच्या गिअरमध्येच का दिसते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. टर्बो इंजिनाचा पूर्ण टॉर्क कमी आरपीएमलाच मिळतो. खालच्या गिअरमध्ये गाडी झपाट्याने वेग घेते, त्यामुळे इंजिन त्या टप्प्यातून क्षणात पुढे निघून जाते. वरच्या गिअरमध्ये मात्र गाडीचे वजन आणि हवेचा विरोध इंजिनाला तिथेच अडकवून ठेवतात आणि क्लचला तो सगळा भार बराच वेळ पेलावा लागतो. कमकुवत क्लच म्हणूनच तिथे आधी हार मानतो.

गॅरेजमध्ये सर्रास केली जाणारी चाचणी म्हणजे हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडते का ते पाहायचे; पडले तर क्लच ठीक समजायचा. माझ्या मते ही चाचणी जवळजवळ निरुपयोगी आहे. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिनाचा जोर इतका थोडा असतो, की अर्धा गेलेला क्लचही त्याला सहज बंद पाडतो. माझ्या गाडीनेही ही परीक्षा पार केली होती.

खरा पुरावा मिळाला तो आकड्यांतून. गिअर टाकलेला असताना आणि क्लच पूर्ण पकडीत असताना आरपीएम आणि वेग यांचे गुणोत्तर ठरलेले असते. त्यात बदल होऊच शकत नाही. माझ्या गाडीत पाचव्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला २,००० आरपीएम येतात. ओबीडी डाँगल (गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारे छोटे उपकरण) लावून, फोन शेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्या हाती दिला आणि सकाळच्या मोकळ्या, कोरड्या सरळ रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला. ८० च्याच वेगाला २,६०० आरपीएम दिसले. म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातला सुमारे २३ टक्के भाग चाकांपर्यंत पोहोचतच नव्हता. त्याची प्लेटवर उष्णता होत होती. ही चाचणी एकदा करावी आणि थांबावे, कारण प्रत्येक वेळी तीच प्लेट आणखी जळते. चाके जागीच फिरली तरी आरपीएम असेच चढतात, म्हणून ओल्या रस्त्यावर किंवा खालच्या गिअरमध्ये ती करू नये. गाडी ओढत नाही पण आरपीएम आणि वेग यांचे प्रमाण मात्र टिकून आहे, असे आढळले तर दोष क्लचचा नाही. टर्बोच्या नळ्या, इंटरकूलर आणि प्लग यांच्याकडे पाहावे.

घसरण सिद्ध झाली तरी कारण कळलेले नसते. क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरते : लायनिंगचे (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराचे) घर्षण, प्लेटला फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकावर) दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब, घर्षणाच्या पृष्ठभागांची संख्या आणि त्यांची सरासरी त्रिज्या. शेवटच्या दोन बदलत नाहीत. म्हणून शोध घ्यायचा तो घर्षण का घटले आणि दाब का घटला याचा. प्रेशर प्लेटमधल्या डायफ्रॅम स्प्रिंगचा दाब बरीच झीज होईपर्यंत टिकून राहतो आणि शेवटी झपाट्याने उतरतो, म्हणून झिजलेला क्लच अनेकदा अचानक गेल्यासारखा वाटतो. पेडल सोडल्यावरही हायड्रॉलिक नळीत दाब उरत असेल, तर चालकाने सतत पाय टेकवून ठेवल्यासारखाच परिणाम होतो. आम्ही प्रथम हेच तपासले. घसरण जाणवताच गाडी थांबवून स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सकडे क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचा) ब्लीड निपल क्षणभर सैल करून पाहिला, पण अडकलेला दाब सुटल्याचे काही चिन्ह दिसले नाही. पेडलकडून नळीत दाब देणारा मास्टर सिलिंडर निर्दोष ठरला.

परतवाड्याच्या ज्या मिस्त्रींकडे गाडी होती, त्यांचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली ओलसर काळा थर जमला होता. ते एवढेच म्हणाले, “भाऊ, प्लेट तर गेलीच हाय, पण हे तेल कोठून येऊन राह्यलं ते पाहा लागते.” या एका वाक्याने माझे पैसे वाचवले. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, क्लचच्या हायड्रॉलिक नळीतले ब्रेक फ्लुइड पातळ असते आणि त्याची टाकीतली पातळी उतरते. इथे ना तो वास होता, ना टाकीतली पातळी उतरली होती. म्हणजे ते इंजिन ऑइल होते आणि क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलमधून येत होते.

सील का गेले, हाही प्रश्न त्यांनी सोडला नाही. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण काढून त्या तोंडावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवला. तो किंचित आत ओढला जायला हवा होता. तो वर फुगला. इंजिनातील वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला होता आणि आतला दाब सीलमधून वाट काढत होता. पीसीव्ही आणि सील यांची किंमत क्लच संचापुढे नगण्य आहे, पण ते न बदलता घातलेला कोणताही महागडा क्लच टिकला नसता.

गिअरबॉक्स उतरवल्यावर प्लेटच्या एका बाजूला तेलाची चकाकी दिसली आणि फ्लायव्हीलवर निळसर जळके डाग. जुनी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू न देता ओल्या कापडाने पुसून घेतली. ती श्वासात जाणे घातक आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजमध्ये हे पाळले जात नाही. फ्लायव्हील दुहेरी वस्तुमानाचे, म्हणजे मध्ये स्प्रिंग असलेल्या दोन भागांचे, होते. त्याचा फिरकीतला खेळ मर्यादेबाहेर गेला होता आणि असे फ्लायव्हील लेथवर घासून घेण्यात अर्थ नसतो, म्हणून ते नवेच घेतले. एकाच वस्तुमानाचे स्वस्त फ्लायव्हील घालावे, असा सल्ला एका विक्रेत्याने दिला होता. त्याने आयडलला गिअरबॉक्स खडखडतो आणि रोज बाजारात न्यायच्या गाडीत तो आवाज मला नको होता.

संच निवडताना अधिक विचार केला. सिरॅमिक प्लेट टॉर्क भरपूर पेलते, पण एकदम पकडते. बैलबंडीच्या मागे इंच इंच सरकताना ती असह्य होते. मी ऑरगॅनिक लायनिंगची प्लेट आणि अधिक दाबाची प्रेशर प्लेट घेतली. क्षमता ४०० न्यूटन-मीटर, म्हणजे माझ्या टॉर्कपेक्षा पंचवीस टक्के जास्त. त्याहून मोठा संच घेणे म्हणजे विनाकारण जड पेडल विकत घेणे होय. सोबत रिलीज बेअरिंग, स्लेव्ह सिलिंडर आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घातले. प्लेट अलाइनमेंट टूलने मध्यावर आणली, स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) ग्रीसचा अगदी पातळ थर दिला आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करून, टॉर्क पान्याने आवळले. गिअरबॉक्स वर चढवताना त्याचा भार क्षणभरही इनपुट शाफ्टवर (प्लेटमध्ये शिरणाऱ्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर) लटकू दिला नाही, कारण त्याने नव्या प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो.

पहिले ८०० किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला नाही. गावातल्या गावात आणि बाजारात थांबत-निघत चालवली, आणि हा संयम फळाला आला असे माझे ठाम मत आहे. थंडीच्या सकाळी पहिल्यांदा निघताना सुरुवातीला हलकी थरथर जाणवायची. लायनिंग बसल्यावर ती गेली.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. पारा ४५ अंशांजवळ, गाडीत चार माणसे, डिकी भरलेली आणि चिखलदऱ्याच्या घाटात पुढे रखडत चढणारी एसटी. वळणावर थांबून पुन्हा निघावे लागले तरी जळका वास आला नाही आणि वर मोकळा रस्ता मिळाल्यावर तिसऱ्या गिअरमधली पकड तशीच घट्ट होती. पेडल पूर्वीपेक्षा निश्चितच जड आहे. अमरावतीत राजकमल चौकाच्या गर्दीत डावा पाय दुखतो, आणि माझ्या पत्नीला तर या पेडलमुळे ही गाडी चालवणे आवडेनासे झाले आहे. घरात दोघे चालक असतील, तर संच घेण्यापूर्वी दोघांनीही तशी गाडी चालवून पाहावी.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत मात्र मी या क्लचची परीक्षा घेत नाही. ती माती भिजली की चाक धरून ठेवते आणि अर्धा क्लच दाबून गाडी मागे-पुढे हलवत राहिले, तर कोणतीही प्लेट काही मिनिटांत काचेसारखी गुळगुळीत होते. अशा वेळी ट्रॅक्टरला दोर बांधणे हाच स्वस्त उपाय आहे.

अलीकडे ऑइल बदलताना सांध्याखाली पाहिले, तेव्हा तो कोरडा होता. झाकणावरचा कागदही आता आत ओढला जातो. पाचव्या गिअरमधली चाचणी पुन्हा घेतली तेव्हा पूर्ण ॲक्सिलरेटरवरही ८० ला २,००० आरपीएमच होते. ज्यांच्या गाडीचे ट्यूनिंग झालेले नाही, त्यांनी हा वाढीव संच घेऊ नये. कंपनीचा मूळ संच त्यांना पुरेसा आहे आणि त्याचे पेडल हलके आहे. गिअरबॉक्स उतरलेलाच असताना मागचे ऑइल सील मात्र त्यांनीही बदलून घ्यावे, कारण पुढे केवळ त्या सीलसाठी तीच सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते.