गॅमा-एच२एएक्स अँटीबॉडी (क्लोन जेबीडब्ल्यू३०१): उंदराच्या स्पर्मॅटोसाइटवर वापरून

स्पर्मॅटोसाइट म्हणजे शुक्राणू बनवणाऱ्या पेशी. त्यांच्या मायोसिसच्या (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) कामासाठी एसवायसीपी३ च्या (गुणसूत्रांचा कणा दाखवणाऱ्या अँटीबॉडीच्या) जोडीला आणखी एकच अँटीबॉडी परवडत असेल, तर मी हीच घेईन. ही माउस मोनोक्लोनल, म्हणजे उंदराच्या एकाच पेशीवंशातून बनवलेली. एच२एएक्स हिस्टोनच्या १३९ व्या सेरीनवर फॉस्फेट असेल तरच चिकटते; डीएनए तुटला की हा फॉस्फेट लागतो. आमची एसवायसीपी३ सशातली, त्यामुळे दोन्ही एकाच स्लाइडवर लावता येतात.

स्प्रेड (पेशीचं केंद्रक स्लाइडवर पसरवणं) आम्ही नेहमीच्या पद्धतीने करतो: हायपोटॉनिक बफर, सुक्रोज, १ टक्का पॅराफॉर्माल्डिहाइड. अँटीबॉडी १:५०० सौम्य करून सुरुवात केली, आता १:१००० लाही सिग्नल स्वच्छ येतो. लेप्टोटीनमध्ये (मायोसिसच्या सुरुवातीच्या टप्प्यात) एसपीओ११ या प्रथिनाने डीएनए तोडायला घेतला की बहुतेक सगळं केंद्रक उजळतं. पुढे पॅकिटीन टप्प्यात ऑटोसोमच्या (एक्स-वाय सोडून बाकीच्या गुणसूत्रांच्या) १९ जोड्या जुळल्या की तिथला सिग्नल मावळतो आणि फक्त एक्स-वायभोवती एक गच्च डाग उरतो. त्या दोन गुणसूत्रांवरची जनुकं तेव्हा बंद केलेली असतात, तीही डीएनएच्या क्रमात अक्षर न बदलता. इतकी सुंदर गोष्ट इतक्या स्पष्ट दाखवणारी दुसरी अँटीबॉडी माझ्या फ्रीजमध्ये नाही.

खरे पैसे वसूल होतात म्यूटंटमध्ये. पीआरडीएम९ (तुटीच्या जागा ठरवणारं प्रथिन) नसलेल्या उंदरातही डीएनए तुटतो, पण नेहमीच्या हॉटस्पॉटवर (ठरलेल्या जागी) नव्हे. एच३के४ वर (एच३ हिस्टोनच्या चौथ्या लायसिनवर) ट्रायमिथिलची खूण आधीच असलेल्या प्रमोटरसारख्या (जनुक सुरू होण्याच्या) जागी. दुरुस्ती अडते, जोड्या नीट जुळत नाहीत आणि ऑटोसोमवर डाग तसेच राहतात. पेशी कुठे अडकली, हे एका नजरेत कळतं.

मात्र हिच्यावरून तुटी मोजू नका. न जुळलेल्या गुणसूत्रावरही हा फॉस्फेट पसरतो. मोजणीला डीएमसी१ किंवा आरएडी५१ या दुरुस्तीच्या प्रथिनांचे ठिपकेच हवेत.

वरच्या ट्रायमिथिल खुणेसाठी (एच३के४मी३) एका पुरवठादाराची पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक अँटीबॉडींचं मिश्रण असलेली, घेतली होती. बॅच बदलली आणि ती डायमिथिललाही चिकटू लागली. चिप-सीकचा (ही खूण जीनोममध्ये कुठे आहे ते शोधणाऱ्या प्रयोगाचा) सगळा डेटा टाकून द्यावा लागला. विद्यार्थिनीची महिनोन् महिन्यांची मेहनत होती, अजून राग येतो. मोनोक्लोनलमध्ये तो धोका बराच कमी.

तरी नवी कुपी आली की आधी वाइल्ड-टाइप (म्यूटेशन नसलेल्या) नराच्या स्प्रेडवर लावून बघा. एक्स-वायवरचा डाग नीट दिसला, तरच म्यूटंटच्या स्लाइड बाहेर काढा.