'फ्रूट्स' मासिकाचे जुने अंक: काही महिने वापरल्यानंतर

'फ्रूट्स' म्हणजे तोक्योतल्या रस्त्यावरच्या तरुणांच्या कपड्यांचे फोटो छापणारं जपानी मासिक. जुनी मासिकं ऑनलाइन विकणाऱ्या एकाकडून मागवलेल्या त्याच्या अंकातली मधली पानं ब्लेडने कापून घेतलेली निघाली. स्थितीच्या रकान्यात विक्रेत्याने 'चांगली' असं लिहिलं होतं. फोटो काढून पाठवले, तर उत्तर आलं की मुखपृष्ठ शाबूत आहे, बाकी अंक बघायला काही अडचण नाही. बरीच लिहालिही झाल्यावर निम्मे पैसे परत मिळाले. पैशांपेक्षा पानांचा राग जास्त आला. या मासिकात बहुतेक पानांवर एकच माणूस असतो. पान गेलं की तो माणूस गेला, आणि पाठच्या बाजूला छापलेला दुसराही गेला.

मी तोक्योत राहते, निशी-कासाईत. घरात शिलाई मशीन आहे आणि नव्या कपड्यांवर खर्च करायला माझा हात धजत नाही. तोक्योतल्या हाराजुकू या फॅशनसाठी प्रसिद्ध भागातली मुलंमुली जुन्यापान्या कपड्यांतून काय काय उभं करत होती ते बघून आपणही शिवावं, म्हणून हे अंक घ्यायला लागले. छायाचित्रकार शोइची आओकींनी 1997 साली सुरू केलेलं हे मासिक 233 अंकांनंतर 2017 साली बंद झालं. त्यामुळे आता मिळतो तो सेकंडहँड मालच, आणि एकेका अंकाला दोन-तीन हजार येन मोजताना जीव वर-खाली होतो.

म्हणूनच सुरुवातीला माझं मत होतं की कागदावर एवढे पैसे कशाला घालायचे, स्कॅन तर इंटरनेटवर फिरतातच. ते मत आता पार बदललंय, आणि कारण एकच आहे: बूट.

आओकींच्या फोटोत माणूस डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण असतो, बुटांखाली थोडा रस्तासुद्धा दिसतो. तेच फोटो मोबाइलवर फिरतात तेव्हा चौकोनात बसवण्यासाठी कुणीतरी पाय छाटून टाकतं. पाय गेले की कपड्यांचा हिशेबच लागत नाही. ब्रिटिश फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुडचे ते जाड लाकडी तळाचे रॉकिंग हॉर्स बूट घ्या. ते घातलेली मुलगी एकदम उंच होते, उभी राहण्याची ढब बदलते, आणि स्कर्टची खालची कड कुठे थांबायला हवी हे त्या बुटांवरून ठरतं. बूट झाकून तोच फोटो बघा, स्कर्ट नुसता आखूड वाटतो. हे लक्षात आल्यापासून मी कुठलाही घेर दुमडण्याआधी बूट चढवून आरशासमोर उभी राहते आणि मगच टाचण्या लावते. शिवणाच्या कुठल्याही व्हिडिओत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

फोटोसोबत बारीक अक्षरात नाव, वय, आणि अंगावरची एकेक वस्तू कुठली ते दिलेलं असतं. स्कॅनमध्ये हा मजकूर बहुतेक वेळा कापलेला असतो किंवा वाचता येत नाही. माझ्याकडच्या एका पानावरची मुलगी बघा: शर्ट जुन्या कपड्यांच्या दुकानातला, स्कर्ट स्वतः शिवलेला, बॅगही घरी केलेली, आणि पायात वेस्टवुड. म्हणजे वरपासून खालपर्यंत पै-पै वाचवून सगळा पैसा बुटांत घातलेला. अशी पानं एकापाठोपाठ एक सापडत जातात. काटकसर आणि हौस एकत्र कशी नांदते ते मला इथे दिसलं, आणि अंकाची किंमत माझ्यापुरती तिथेच वसूल झाली.

सुरुवातीच्या वर्षांच्या अंकांत किमोनोचं कापड, ओबी (किमोनोवर कमरेला बांधायचा रुंद पट्टा), गेता (लाकडी चपला) हे सगळं पाश्चात्त्य कपड्यांवर बिनधास्त चढवलेलं दिसतं. तसा ओबीचा पट्टा बांधलेली एक मुलगी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर म्हणाली, "अगं, हे तर आपल्या खणाचंही होईल की!" तिने पाठवलेल्या खणाच्या तुकड्यांचा रुंद पट्टा शिवलाय, डेनिमवर बांधते. आतून कॅनव्हास घातला नाही तर तो बसल्यावर चुरगळतो, एवढं ध्यानात ठेवा.

उणीव सांगायची तर मागची बाजू. फोटो बहुतेक समोरूनच घेतलेला. पट्टा मागे कसा बांधलाय, चेन आहे की बटणं, पाठीला चुण्या किती, काही कळत नाही. शिवणाऱ्याला हे फार जाचतं. कोपऱ्यात बोटभर फोटो पाठीचा दिला असता तरी चाललं असतं. बघायला म्हणून घेणाऱ्यांना ही अडचण जाणवणार नाही.

'केरा' आणि 'झिपर' या दुसऱ्या जपानी फॅशन मासिकांचेही काही अंक चाळले. ते स्वस्त मिळाले आणि माहिती भरपूर आहे, पण त्यात काय विकत घ्यायचं यावर भर जास्त. माझ्या कामाचं 'फ्रूट्स'च.

नंतरच्या वर्षांचे अंक मात्र मी आता घेत नाही. रविवारी गाड्या बंद ठेवून हाराजुकूचा रस्ता चालणाऱ्यांना मोकळा करायची प्रथा 1998 साली संपली. 2008 आणि 2009 मध्ये एच अँड एम आणि फॉरएव्हर 21 ही स्वस्त तयार कपड्यांची दुकानं तिथे आली. छायाचित्र काढावं अशी मुलं आता सापडत नाहीत, असं कारण देऊन आओकींनी मासिक थांबवलं. अंक वर्षांच्या क्रमाने लावून बसलं की घरी शिवलेल्या वस्तू कमी होत गेल्यासारख्या मला वाटतात, आणि त्याचं खरंच वाईट वाटतं.

घेणार असाल तर पहिल्या चार-पाच वर्षांतले अंक शोधा. पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याला सगळी पानं मोजायला सांगा आणि अंक मधोमध उघडून शिवणीजवळचा फोटो मागा. कापलेल्या पानाची अरुंद पट्टी तिथे लगेच दिसते. सुट्या अंकांची किंमत झेपत नसेल तर फायडन या प्रकाशनाने काढलेली 'फ्रूट्स' (2001) आणि 'फ्रेश फ्रूट्स' (2005) ही निवडक फोटोंची पुस्तकं आहेत, कपड्यांची माहिती इंग्रजीत असल्याने जपानी न येणाऱ्यांना तीच सोयीची. फोटो मागितल्यावर टाळाटाळ करणाऱ्याकडून अंक कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नका.