डांबराच्या गोळ्यांचा डेटा आणि मॅटप्लॉटलिब: आठ महिन्यांनंतर

पावसाच्या तोंडावर रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे, म्हणजे समुद्रातल्या खनिज तेलाचे घट्ट झालेले गोळे, येतात. तळपायाला चिकटले की खोबरेल चोळल्याशिवाय सुटत नाहीत. गेल्या वर्षी त्यांतले काही काचेच्या बाटल्यांत भरून बाहेरच्या प्रयोगशाळेत अतिसूक्ष्म वस्तुमानमापनासाठी, म्हणजे त्यांतल्या रेणूंची वस्तुमानं अगदी नेमकी मोजण्यासाठी, पाठवले. परत आली ती हजारो ओळींची फाईल, आकडे पाच दशांश स्थळांपर्यंत. एक्सेलमध्ये वरखाली करून काही उमजेना, म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली आलेख काढायची मॅटप्लॉटलिब घेतली. ती मोफत आहे.

खरा उपयोग झाला केंड्रिक आलेखाचा. ही १९६३ची युक्ती. एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनांचा गट खरा १४.०१५६५ वजनाचा, तो नेमका १४ मानायचा आणि सगळी वस्तुमानं त्याच प्रमाणात बदलायची. आडव्या अक्षावर हे बदललेलं वस्तुमान, उभ्या अक्षावर ते जवळच्या पूर्णांकातून वजा करून उरलेला फरक. मग फक्त साखळीच्या लांबीत फरक असलेली संयुगं एका आडव्या ओळीत बसतात आणि दोन हायड्रोजन कमी झाले की ओळ ०.०१३४ने वर सरकते. त्या काळ्या चिकट गोळ्यातून अशा शिस्तीत ओळी उमटलेल्या पाहिल्या तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनसमोरून उठलो नाही.

रंगांनी मात्र मला फसवलं. जुन्या कोडमध्ये 'जेट' ही इंद्रधनुषी रंगपट्टी होती. आलेखात पिवळा पट्टा दिसायचा आणि तो संयुगांचा वेगळा गट आहे असं मी आठवडाभर धरून चाललो. 'व्हिरिडिस' लावल्यावर पट्टा गेला. जेटमध्ये उजळपणा समान पायऱ्यांनी वाढत नाही, त्यामुळे डेटात नसलेली सीमारेषा डोळ्यांना दिसते. मॅटप्लॉटलिबच्या २०१७च्या आवृत्तीपासून व्हिरिडिसच आपोआप येते. जुना कोड उचलणाऱ्यांनी ही ओळ आधी तपासावी.

ठिपक्याचा आकार सिग्नलच्या तीव्रतेवरून ठरवणं मी सोडलं. यंत्राला विद्युतभार आलेले, म्हणजे आयनित झालेले रेणूच दिसतात; काही रेणू आयनित चटकन होतात, काही होतच नाहीत. मोठा ठिपका म्हणजे जास्त प्रमाण नव्हे. आणखी एक गोष्ट, एकीकडे तीन कार्बन आणि दुसरीकडे एक गंधक अधिक चार हायड्रोजन, यांच्या वस्तुमानात फरक जेमतेम ०.००३४चा. गंधकयुक्त तेलात वस्तुमानावरून ठरवलेली रेणूंची सूत्रं इथे चुकली तरी आलेख देखणाच येतो.

मराठीचा त्रास मोठा. माझ्याकडच्या आवृत्तीत 'किनारा' लिहिलं की वेलांटी क नंतर पडते, 'कार्बन'मधला रफार सुटतो. मुलांना आलेख मराठीतच दाखवायचा होता, म्हणून एसव्हीजी या चित्राच्या फाईलमध्ये अक्षरं अक्षरं म्हणूनच ठेवून ब्राउझरमध्ये उघडतो. तिथे नीट दिसतात.

यंदाच्या गोळ्यांसाठी अक्षांच्या मर्यादा गेल्या वर्षीच्याच ठेवल्या आहेत, म्हणजे दोन्ही आलेख शेजारी लावून पाहता येतील.